आमच्या घरातली ढ

माझी थोरली बहीण ढ आहे, ही गोष्ट आमच्या घरात कुणी कुणाला सांगावी लागत नसे. ती सगळ्यांना ठाऊकच होती. पाहुणे आले, ताई चहा देऊन आत गेली, की आई त्यांच्याकडे बघून स्वतःच्या डोक्याशी बोट न्यायची आणि हात हलवायची. म्हणजे, हिचं इथं जरा कमीच आहे. पाहुणे माना डोलवायचे. मग आई तेच बोट माझ्याकडे करायची आणि तिचा चेहरा उजळायचा. म्हणजे, ही हुशार. आणि मी पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत त्या दुसऱ्या बोटावर खूश होत आले. मला आज त्याची जितकी चीड येते तितकी दुसऱ्या कशाची येत नाही, आणि चीड यावी अशा गोष्टी या हकिकतीत काही कमी नाहीत.

आमचं घर म्हणजे पुढे माग आणि मागे माणसं. रस्त्याला लागून एक लांबट खोली, तिच्यात चार यंत्रमाग, दोन-दोन समोरासमोर, मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. पलीकडे पत्र्याचा आडोसा, आणि त्या आडोशाच्या मागे स्वयंपाक, झोपणं, आजारपण, बाळंतपण, सगळं. सकाळी सहाला खटका पडला की चारही माग एकदम सुरू. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, दर फेकीला लाकडावर लाकूड आपटतं, मिनिटाला शंभरावर वेळा, आणि असे चार. फळीवरच्या पातेल्यांची झाकणं दिवसभर थरथरत असायची. नवा माणूस दारात आला की दोन्ही हात कानांवर ठेवायचा आणि आमचे लोक त्याला हसायचे.

त्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसतो. म्हणून मागवाल्या घरांत एक निराळीच बोली चालते. ओठ मोठेमोठे हलवायचे, आवाज काढायचा नाही, बाकीचं हातांनी. एक बोट वर केलं म्हणजे पहिल्या मागावरचा धागा तुटला. मूठ गोल फिरवली म्हणजे कांड्या संपल्या; कांडी म्हणजे धोट्यात बसवतात ती सुताची नळी. तळहात पोटावर म्हणजे जेवायला चला. भांडणंसुद्धा याच बोलीत. दादा-वहिनी चारही माग चालू असताना असे कडाडून भांडायचे की बघणाऱ्याला वाटावं, नाटकाची तालीम चाललीय. भांडण ऐन रंगात आलं की वहिनी पाठ फिरवायची. पाठ फिरवली की बोलणंच संपलं. आमच्याकडे याहून मोठी शिवी नव्हती.

ताईचा पाळणा दुसऱ्या मागाच्या शेजारी आढ्याला टांगलेला असायचा. का, तर आईला माग सांभाळता सांभाळता पायानं दोरी ओढता यायची. माग चालू असला की ताई गाढ झोपायची आणि बंद पडला की टाहो फोडायची. "मागाच्या आवाजावर वाढलेलं पोर आहे माझं," असं वडील कौतुकानं सांगायचे. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही वाटलं नाही, की बाबा रे, यात कौतुक कसलं. आणि वाटावं तरी कसं? गल्लीत बारा घरं, बाराही घरांत पाळणे तसेच टांगलेले. घरोघरी मातीच्या चुली.

मी तिच्यानंतर नऊ वर्षांनी झाले. आठ महिन्यांची असताना माझी छाती घरघरायला लागली. सुताची बारीक धूळ. डॉक्टर म्हणाले, या पोरीला या घरातून हलवा, नाहीतर हातची जाईल. म्हणून मला दुसऱ्या गावी मावशीकडे दिलं आणि मी तिथेच वाढले. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि तोंडाला विश्रांती नव्हती. भाजी चिरताना ती भाजीशी बोलायची, कपडे वाळत घालताना कपड्यांशी, आणि उरलेला सगळा वेळ माझ्याशी. काका बसच्या आगारात कारकून होते. संध्याकाळी घरी आले की पेपर मोठ्यानं वाचायचे, छोट्या जाहिरातींसकट, आणि मी मांडीवर बसून ऐकायचे. शाळेत गेले तेव्हा मला इतके शब्द येत होते की बाई चकित झाल्या. मग पहिला नंबर, शिष्यवृत्ती, औषधांचं शिक्षण, स्वतःचं औषधाचं दुकान. सुट्टीत घरी आले की गल्लीतल्या बायका ताईला चिडवायच्या, "कानामागून आली आणि तिखट झाली गं ही!" ताई हसायची. ती सगळ्यालाच हसायची. ते हसणं मला खुळ्यासारखं वाटायचं. समोरचा काय बोलला हे ज्याला कळलेलं नसतं आणि कळलं नाही म्हणायची ज्याला लाज वाटते, तो माणूस तसाच हसतो, हे मला फार उशिरा समजलं.

एक आई, एक बाप. एकीची छाती घरघरली म्हणून तिला बाहेर काढलं, दुसरीला कुणी काढलं नाही, कारण छाती घरघरते ती ऐकू येते आणि कान जातात तेव्हा आवाज होत नाही. आमच्या दोघींच्या हुशारीत फरक असलाच तर एवढाच. लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणणार नाही. दादा तर घरातच वाढला आणि त्याचे कान बऱ्यापैकी शाबूत आहेत, कारण तो मुलगा. दिवसभर बाहेर उंडारायचा, वडिलांबरोबर कापडाचे ताके घेऊन व्यापाऱ्याकडे जायचा. मुलीनं घरात बसायचं असतं ना. तर बसली.

ताई शाळेत चार वर्षं होती. फळ्यावरचं ती असं सुबक उतरवून घ्यायची की तिसरीच्या बाई तिची वही वर्गात फिरवायच्या. चौथीला एक गुरुजी आले. त्यांना बाकांमधून फिरत फिरत, पाठीमागून मजकूर सांगायची सवय होती. पोरांनी ऐकायचं आणि लिहायचं. ताईची वही कोरी. रोज कोरी. गुरुजींनी तिला बाकावर उभं केलं, छड्या मारल्या, आणि शेवटी वडिलांना बोलावून सांगितलं, "पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. तुमचा वेळ नि माझा घसा, दोन्ही फुकट." वडिलांनी त्याच दुपारी तिला कांड्या भरायला बसवलं. फळ्यावरचं इतकं नेटकं लिहिणारी मुलगी सांगितलेलं का लिहीत नाही, हा प्रश्न त्या गुरुजींना पडला नाही. शिकवण्याचा पगार घेणाऱ्याला पडला नाही, मग कापड विणणाऱ्याला कुठून पडावा?

लग्नाचंही तेच. दोन स्थळं आली. पाहुणे बशीत तोंड घालून प्रश्न विचारायचे आणि ताई गप्प. मुलगी मंद वाटते, असा दोन्हीकडून निरोप आला. तिसरं स्थळ कुणी आणलंच नाही. आणि ही मंद बाई चार माग एकटी चालवायची. कापडावरून नुसता हात फिरवून सांगायची, इथं दोरा सुटलाय. आमच्या घरचा ताका व्यापारी उलगडूनही बघत नसे. पण ते कौतुक तिच्या हातांचं. डोकं रिकामं आहे हे एकदा ठरलं होतं, आणि आमच्या घरात ठरलेलं बदलायची पद्धत नव्हती.

माझंही सांगते. गल्लीतल्या मुलांचे कान वाहायचे, आणि घरोघरी त्यात कोमट तेल घालायचे. मी शहाणी झाले तेव्हा तेल बंद करा म्हणून दुकानातून थेंबांच्या बाटल्या पाठवायला लागले. वर्षाला आठ-दहा बाटल्या एकट्या आमच्या घरी. एका घरात इतके कान का वाहतात, त्या कानांना ऐकू कितपत येतं, हे मी एकदाही विचारलं नाही. तेव्हा गुरुजींच्या नावानं बोटं मोडताना त्यातली दोन मी माझ्याही नावानं मोडते.

दादाला चाळिशीत मुलगी झाली. मागांच्या खालून-मधून सुर्रकन पळते म्हणून सगळे तिला खारू म्हणतात. पाळणा त्याच आढ्याला. वहिनी मागावर, म्हणून तिला वाढवली ती ताईनं. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, वेणी, सगळं ताईचं. खारू बोलायला उशिरा लागली, पण ओठांची आणि हातांची बोली तिला घरात सगळ्यात चांगली यायची. आणि एक चमत्कार होता तिच्यात. माग बिघडायच्या आधी तिला कळायचं. जमिनीवर बसून खेळता खेळता एकदम मान वर करून तिसऱ्या मागाकडे बोट दाखवायची. दादा जाऊन बघतो तो खरंच पट्टा ढिला झालेला. "हिच्याइतके तिखट कान अख्ख्या गल्लीत नाहीत," असं तो छाती फुगवून सांगायचा. पोरगी अनवाणी असते, फरशीवर बसलेली असते, मागाचा हादरा तिला तळव्यातून कळतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. ज्या घरात ऐकण्यावाचून कुणाचं काही अडत नाही, त्या घरात ऐकू न येणारं मूल कुणाला दिसणार?

चौथीपर्यंत खारूचं बरं चाललं, कारण चारही वर्षं एकच बाई होत्या, तोंडावर हसू असलेल्या, वर्गाकडे तोंड करून सावकाश बोलणाऱ्या. पाचवीला तीन विषयांना मिशीवाले सर आले. मिशी म्हणजे काय मिशी! वरचा ओठ गेलाच होता, खालच्यावरही तिची झालर उतरलेली. त्यातून सर फळ्याकडे तोंड करून बोलणारे. सहामाहीला खारू त्या तिन्ही विषयांत नापास झाली, बाकीच्यांत पास. दोन महिन्यांनी घरी कागद आला. मुलगी सर्वसाधारण वर्गात शिकू शकत नाही. तिला हळू शिकणाऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळेत पाठवण्यास पालकांची संमती आहे. खाली सही करून शनिवारपर्यंत आणून द्यावी.

ती वेगळी शाळा मला माहीत होती. माझ्या दुकानाच्या वाटेवरच आहे. मोठमोठी मुलं दिवसभर कागदी पिशव्या चिकटवत असतात. तिथून परत कुणी आलेलं नाही.

दादा सही करून मोकळा होणार होता. "ताईवर गेलीय," तो वहिनीला म्हणाला, "काय करणार. हाताला तर काम येतंय." तो कागद ताईनं त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानात उभी. बसनं अर्धा तास लागतो. ती आयुष्यात एकटी बसमध्ये चढली नव्हती. फोन का नाही केलास, असं मी विचारलं नाही, कारण ताईला फोन आवडत नाही हेही आमच्याकडे ठाऊकच होतं. न आवडायला काय झालं, हा प्रश्नही कुणाला कधी पडला नाही!

"वाच," ती म्हणाली. "तू शिकलेली आहेस. यात काय लिहिलंय ते मला नीट सांग. दादा सांगतो ते खोटं वाटतंय."

मी सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"माझ्या वेळी शाळेत जाऊन भांडायला कुणी नव्हतं," ती म्हणाली. "हिच्या वेळी मी जाणार. तू बरोबर चल. मला बोलता येत नाही, तू बोल."

"काय बोलू गं? नापास तर झालीय ती."

"ती ढ नाही."

"तुला कसं कळलं?"

"मी वाढवलीय तिला," ताई म्हणाली. "ढ कशी असते ते मला माहीत आहे ना. मी आहे."

ती हे रडत बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं ते आपलं वय सांगावं तसं सांगितलं. मी दुकान बंद करून तिच्याबरोबर निघाले.

शाळेत मोठ्या बाईंची खोली मागच्या अंगाला होती, इतकी शांत की पंख्याची कुरकुर ऐकू यावी. टेबलापलीकडे मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी मिशीवाले सर. अलीकडे मी, ताई, आणि आमच्या मध्ये खारू, दप्तर पोटाशी धरून.

"आमचं काही वैर नाही हो मुलीशी," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण घरचं वातावरण असतं ना. घरात पुस्तक नाही, अभ्यास घेणारं कुणी नाही. मग मुलं अशीच निघतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचं वातावरण! हे शब्द लोक असे उच्चारतात, जणू तो घरातल्या माणसांच्या अंगाचा वास आहे.

"आमच्या घरी कधी आला होतात तुम्ही?" मी विचारलं.

"अहो, सहाशे मुलं आहेत. प्रत्येकाच्या घरी कुठं जाणार?"

"शाळेच्या फाटकापासून तीन मिनिटं लागतात. फाटकात उभं राहिलं तरी माग ऐकू येतात आमचे."

"मुलगी उद्धटही आहे," सर मध्येच म्हणाले. "मी शिकवत असलो की एकटक तोंडाकडे बघत बसते. पाठ करून बसली असेल तर हाकेला ओ नाही. कळतं सगळं, पण वळत नाही." आणि मग ते ताईकडे वळले. त्यांचा आवाज चांगला दणदणीत होता, व्हरांड्यातून जाणारा शिपाईसुद्धा थबकला. "तुम्ही सांगा बाई, घरी हिच्याकडून अभ्यास करून घेणार कोण? तुम्ही?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी ती हसली नाही. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "हे बोलताहेत का?"

"म्हणजे काय?"

"मिशी हलतेय त्यांची. बोलताहेत का?"

सरांचा चेहरा लाल झाला. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, अगं असं काय..." मी म्हणाले, आणि वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. खोली शांत होती. सर दोन हातांच्या अंतरावर बसले होते. तेवढ्यात खारूनं ताईची बाही ओढली आणि ओठ हलवले, आवाज न काढता, शेवटी खांदे उडवले.

"ही काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, यांचं मलापण कधीच कळत नाही. मोठ्या बाईंचं कळतं."

मी उठले. खारूच्या पाठीमागे गेले आणि हळूच हाक मारली. मग नेहमीच्या आवाजात. मग जोरात. ती दप्तराच्या बंदाशी चाळा करत होती, ती करतच राहिली. मग मी दोन पावलं सरकून ताईच्या पाठीशी उभी राहिले.

"ताई."

पंखा कुरकुरत होता.

"ताई!"

सर खुर्चीत चपापले. ताई मोठ्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, आपल्या बहिणीचं म्हणणं त्या ऐकून घेताहेत की नाही या काळजीनं. पंचेचाळीस वर्षांत मी तिला पाठीमागून हाक मारली नव्हती. आमच्या घरात कुणीच कुणाला मारत नाही. बोलायचं तर समोर यायचं, खांद्याला हात लावायचा, तोंड दाखवायचं. ही आमची रीत. या रीतीनं दोन पोरी गिळल्या आणि ढेकरही दिला नाही.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की दरवर्षी शाळेत आरोग्यतपासणी होते, असं मोठ्या बाई म्हणाल्या, आणि काय काय तपासता असं मी विचारलं. वजन, उंची, दात, नखं. नखं! सहाशे मुलांची नखं बघितली, आणि गल्लीतल्या बारा घरांतून रोज माग ऐकू येत असताना एकाही पोराच्या कानात कुणी डोकावलं नाही. "तपासणीचा कागद आणा, मग ठरवू," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. सर उठता उठता, काहीतरी बोलावं म्हणून बोलले, "मग आता मी काय, मिशी काढू का?" ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. या वेळी तिला कळलं, कारण त्यांनी मिशीवर बोट ठेवलं होतं.

"काढा," ती म्हणाली.

गुरुवारी सरकारी दवाखान्यात गेलो. काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत बसवतात, कानांवर यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. आधी खारू, मग ताई. ताई तयार नव्हती. "माझं काय राहिलंय आता," म्हणत होती. मीच ढकलून बसवली. खिडकीतून मी बघत होते. तपासणारी मुलगी खटके फिरवत होती आणि ताई बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होती, परीक्षेला बसावं तशी ताठ. बराच वेळ तिचा अंगठा हललाच नाही.

डॉक्टरांनी दोघींचे कागद शेजारीशेजारी ठेवले. दोन्ही रेषा घसरत गेलेल्या, ताईची जास्त. त्यांनी ताईच्या समोर बसून, तोंड दाखवत सांगितलं. मागाच्या आवाजानं आतल्या नसा गेल्या, कान वाहून वाहून पडदे गेले. अगदी जवळचा आवाज तेवढा येतो, आणि त्यातले शब्दही फाटके येतात. कानाशी ओरडून बोललं तर मोठं ऐकू येईल, स्पष्ट नाही. तुम्ही आतापर्यंत निभावलंत ते डोळ्यांवर आणि डोक्यावर.

"कधीपासून असेल हे?" मी विचारलं.

"नेमकं वर्ष कसं सांगू? पण पाळण्यापासून त्या आवाजात असतील तर शाळेत जाईपर्यंत बरंच गेलेलं असणार."

"म्हणजे चौथीत?" ताईनं विचारलं.

"चौथीत नक्कीच."

"मग मी ढ नव्हते?"

डॉक्टर गोंधळले. "कोण म्हणालं तुम्ही ढ आहात?"

"सगळेच," ताई म्हणाली.

खारूला यंत्र लावता येईल, असं त्यांनी सांगितलं. यंत्र आणि पहिला बाक मिळाला तर ती नेहमीच्या शाळेत खुशाल शिकेल. पण एक अट. यंत्र लावून मागांत राहिली तर मागच मोठा होऊन कानात जाणार. काढून ठेवून राहिली तर आज जे उरलंय तेही काही वर्षांत जाणार. तो आवाज थांबला पाहिजे, नाहीतर मुलगी त्या आवाजातून निघाली पाहिजे. तिसरा रस्ता नाही.

बाहेर आल्यावर ताई बाकावर बसली. रडले ते मी, रागानं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "चौथीच्या पुढे काय काय असतं गं?"



शनिवारी मोठ्या बाईंनी दवाखान्याचा कागद दोनदा वाचला, सहीचा कागद खणात टाकला, आणि खारूला पहिल्या बाकावर बसवते म्हणाल्या. वार्षिक परीक्षेपर्यंत बघू. सरांनी मिशी काढली नव्हती, पण कात्री लावली होती. खालचा ओठ आता दिसत होता.

राहिलं घर. रविवारी दुपारी मी गेले तेव्हा चारही माग चालू होते. आई पत्र्याच्या आडोशाशी बसून रिकाम्या कांड्या निवडत होती. वयाच्या ऐंशीकडे झुकलीय, तिला आता मुळीच ऐकू येत नाही, आणि त्याचं तिला किंवा कुणालाच काही वाटत नाही. म्हातारपणी असं होतं, म्हणतात. ताई भिंतीपाशी गेली आणि तिनं खटका खाली ओढला. चारही माग एकापाठोपाठ थांबले. भर दुपारी असं कधी होत नाही. शेजारच्या दारातून दोन डोकी बाहेर आली.

"वीज गेली का?" दादा आतून ओरडला. तो नेहमी ओरडूनच बोलतो.

"मी बंद केलेत," ताई म्हणाली. "खारू धाकटीकडे राहायला जाणार. आजच."

मला तिनं आधी काही विचारलं नव्हतं. दुकानाच्या वर माझ्या दोन खोल्या, मी एकटी, आणि शाळेपर्यंत अर्ध्या तासाची बस. विचारायचं काय होतं?

"डोकं फिरलंय का तुझं?" दादा बाहेर आला. "एकुलती एक लेक माझी, आणि दुसऱ्याच्या घरी ठेवू? लोक काय म्हणतील? आणि माग बंद करून खायचं काय आपण?"

"माग बंद करू नकोस. तिला जाऊ दे."

"तिच्यावाचून तू राहशील? रात्री तुझ्याजवळ झोपते ती."

ताई खारूच्या वेणीची रिबीन नीट बांधायला लागली. वहिनी आडोशापाशी उभी होती, डोळ्याला पदर लावून. खारू एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं, कारण सगळे समोरासमोर उभे राहून भांडत होते.

माग का थांबले ते आईला समजेना. तिनं मान वर करून हाताची मूठ उघडली, म्हणजे, काय झालं? ताई तिच्यापुढे उकिडवी बसली. आईचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि ओठ मोठेमोठे हलवत, आवाजही काढत, सांगू लागली. आई, मी ढ नव्हते. मला ऐकू येत नव्हतं. चौथीत मला गुरुजींचं ऐकू येत नव्हतं. खारूलाही येत नाही. आम्ही ढ नाही, आई. आम्हाला ऐकू येत नाही.

आईनं ते सगळं नीट वाचलं. मग तिनं मांडीवरच्या कांड्या बाजूला केल्या, ताईकडे बघितलं, खारूकडे बघितलं, दादाकडे बघितलं. शब्द तिला कळले होते; यात नवल करण्यासारखं काय आहे ते मात्र खरंच कळलं नव्हतं.

"मग त्यात काय?" ती म्हणाली. "इथं कुणाला ऐकू येतं?"

दादा खाली बघायला लागला.

"म्हणूनच," ताई म्हणाली. ती उठली, आत गेली आणि खारूच्या कपड्यांची पिशवी आणून माझ्या हातात दिली.